‘थापून’ या शब्दाबद्दल, आणि उरलेल्या सतरा मिनिटांबद्दल

ताई,

‘ऑफिसला जाणाऱ्या बाईची पंधरा मिनिटं’ या माझ्या, सकाळी झटपट आवरण्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी फक्त सूरच ऐकू आला. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं इथे देते. एक, “दोन बोटं सनस्क्रीन थापून लोकलमध्ये घाम फुटला की तोंड चुना लावलेल्या भिंतीसारखं दिसतं, तुम्ही कधी डबा करून गाडी पकडली आहे का?” दोन, लेखातली मिनिटं मिळवली तर पंधरा नाही, सतरा होतात. तीन, आमच्या आज्यांना बेसन-लिंबू पुरत होतं. चार, टिकलीच्या गोंदाबद्दल मी उगाच घाबरवते. पाच, या हिशेबाने ट्यूब महिनाभरात संपेल, ती परवडायची कोणाला?

आधी बेरीज, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. तोंड धुणं 1, मॉइश्चरायझर 1, सनस्क्रीन 3, केस 5, भुवया 2, काजळ 2, ओठ आणि गाल 1, ओढणीच्या किंवा पदराच्या पिना 2. सतरा. भुवयांची दोन मिनिटं मी नंतर घातली आणि वरचा आकडा बदलायचा राहिला. चूक माझी, दुरुस्त करते. मुद्दा असा सरळ मांडला की मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

पण “थापून”? गोवऱ्या थापतात, भाकरी थापतात. अख्ख्या लेखात मी हा शब्द कुठेही वापरलेला नाही. मी लिहिलं होतं, तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, चेहरा आणि मान मिळून. हे माप मी मनाने काढलेलं नाही. ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो ते सांगणारा आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. वाटाण्याएवढा ठिपका घेऊन कपाळ, नाक, दोन गाल आणि हनुवटी उरकली, तर 50 आकड्याची ट्यूब घेऊनही तोंडावर 50 मिळत नाहीत, पुष्कळ कमी मिळतात. मग “रोज लावते तरी वांग वाढतोच आहे” असं म्हणत बायका क्रीम बदलत बसतात.

आता तुमच्या चुन्याच्या भिंतीकडे येऊ. चेहरा पांढरा पडतो, हे खरं आहे. का पडतो, हे तुम्ही विचारलं असतंत तर चार ओळींत सांगितलं असतं. विचारलं नाहीत, टोमणा मारलात, म्हणून आता सविस्तर ऐका.

पहिलं कारण ट्यूबमध्येच असतं. घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड वरच्या दोन-तीन नावांत असेल, तर ते पांढरं चूर्णच आहे, सावळ्या आणि गव्हाळ रंगावर राखाडी झाक येणारच. अशा वेळी रंग घातलेलं, म्हणजे टिंटेड घ्यावं. त्यातल्या आयर्न ऑक्साइडने झाक मारली जाते, शिवाय वांग असणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडतं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो.

दुसरं कारण म्हणजे वरून मारलेली टाल्कम पावडर. सनस्क्रीन ओलं असताना पावडर फिरवली आणि तिच्यावर घाम आला की कानापुढे, नाकाच्या कडेला आणि मानेच्या वळीत तिचे पांढरे ओघळ जमतात. बिल मात्र सनस्क्रीनच्या नावावर फाटतं.

तिसरं कारण क्रमाचं, आणि माझी पैज आहे की तुमचं घोडं इथेच अडलंय. आंघोळ झाली, सनस्क्रीन लावलं आणि मग पोळ्या करायला गॅससमोर उभ्या राहिलात. बरोबर? सनस्क्रीनचा थर बसायला जरा वेळ लागतो. तो बसायच्या आत तव्याची धग आणि कुकरची वाफ तोंडावर आली की खालून घाम फुटतो, थर उचलला जातो आणि घामाबरोबर रेघांनी वाहायला लागतो. त्यात तुम्ही पदराने तोंड खसकन पुसता. जे उरतं ते ठिगळ. लेखात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय, “गॅस बंद झाल्यावर”. ते वाक्य बहुधा राहून गेलं वाचायचं. होतं असं घाईत.

जिला हे खरंच करायचं आहे तिच्यासाठी नीट क्रम देते. शेवटची पोळी उतरली, गॅस बंद. तोंड साध्या पाण्याने धुवा, टॉवेलने टिपा, थोडं ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. तेलकट चेहरा असेल तर मॉइश्चरायझर सोडून द्या, एक मिनिट वाचेल. मग पंख्याखाली उभं राहून पहिल्या बोटाचं सनस्क्रीन ठिपक्यांनी चेहराभर लावून पसरायचं. घासायचं नाही. जास्त घासलं की खालच्या क्रीमसकट त्याच्या बारीक मळासारख्या गोळ्या सुटतात, आणि मग बायका म्हणतात “सूट होत नाही”. एवढं झालं की केस घ्यायचे. ती पाच मिनिटं म्हणजे पहिला थर बसायची पाच मिनिटं. केस झाले की दुसऱ्या बोटाचं, मान आणि कान धरून. त्यावर डबा भरणं, बाटली भरणं, चपला शोधणं. तुम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत दुसरा थरही बसलेला असतो. सगळी गंमत या क्रमात आहे. तवा तापेपर्यंत आपण नुसतं बघत उभं राहतो का? लाटी करून ठेवतो. तसंच हे.

गाडीत घाम आला तर सुती रुमाल दाबून टिपायचा, पुसायचा नाही. आणि हो, खिडकीची जागा मिळाली आणि काच बंद असली म्हणून निर्धास्त होऊ नका. अतिनील किरणांचे दोन प्रकार, यूव्हीबी आणि यूव्हीए. साध्या काचेने यूव्हीबी बरंचसं अडतं, यूव्हीए आत येतं.

आता तुमच्या वाक्याची शेपटी. “तुम्ही कधी डबा करून गाडी पकडली आहे का?” सनस्क्रीनच्या थराचा आणि माझ्या डब्याचा संबंध काय, ते मला कळलेलं नाही. पण विचारलंच आहे तर सांगते. नऊ वर्षं, अंबरनाथ ते दादर, सेकंड क्लास लेडीज. त्याआधी आणि त्यानंतर मिळून एकवीस वर्षं पार्लरच्या खुर्चीमागे उभी आहे. पुढच्या वेळी समोरचीला काही येत नसणार असं धरून चालू नका, एवढंच.

बेसन-लिंबाचं फार ताणत नाही. डाळीच्या पिठात साय घाला, दूध घाला, माझी काही हरकत नाही. रविवारी सवडीने करा, सकाळी सातला नको, बेसन भुवयांत अडकतं आणि काढता काढता तीन मिनिटं जातात. लिंबू मात्र नाही. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या. शिवाय आपल्या कागदी लिंबात फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागलं की भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि मागे काळा डाग राहतो, कधी कधी कित्येक महिने. रंग उजळावा म्हणून लावलेल्या लिंबाने गालावर ओघळाच्या आकाराचा डाग पडलेला मी खुर्चीत बसवून पाहिलेला आहे. आज्यांचं काही बिघडलं नाही, म्हणता. आज्यांच्या डागांचं कोण विचारत होतं?

टिकलीबद्दल मी घाबरवलेलं नाही, गोंदाचं नाव सांगितलं. चिकट टिकल्यांच्या काही गोंदांत पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं. ते काहींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारक ठरतं आणि टिकलीच्या जागी पांढरा गोल उमटतो. सगळ्यांना होत नाही. पण आधी खाज, मग लाली, मग पांढुरका ठिपका अशी चढण दिसली, तर “जागा जरा वर सरकवते” हा उपाय नाही, तिथे दुसरा डाग पडेल. टिकली बंद करायची आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं. रोज रात्री टिकली काढायची, गोंद खोबरेल तेलाच्या बोटाने पुसायचा. आरशाला चिकटवून ठेवलेली टिकली आठवडाभर चालवायची नाही. बाटलीतलं ओलं कुंकूही आपोआप सुरक्षित नसतं, त्यातल्या रंगानेही काहींना काळसर डाग पडतात. हे सगळं सहा ओळींत लिहिलं, त्याला तुम्ही “उगाच” म्हणता. ठीक आहे.

काजळाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणजे तेवढं तरी जमलं असावं. खालच्या पापणीखाली इअरबडने चिमूटभर पावडर दाबायची, मग काजळ दुपारपर्यंत उतरत नाही. पावडरचं योग्य ठिकाण ते.

पैशाचं म्हणाल तर, दोन बोटं म्हणजे साधारण एक ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या थोडी वर जाते. परवडण्याचा विषय वेगळा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

लेखात आत बेरीज सतरा केली आहे. शीर्षकात पंधराच ठेवतेय, भुवया रोज भरायच्या नसतात.