जर ह्यूस्टन हरलं, तर…

अकिलीस टेंडन शरीरात नेमका कुठे असतो, हे मला गेल्या डिसेंबरपर्यंत माहीत नव्हतं. आता मी त्यावर अर्धा तास बोलू शकतो. टाचेच्या वर, पोटरीच्या खाली, चिमटीत धरता येते ती जाड दोरी. ती तुटली की मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. माझी दोरी शाबूत आहे. तुटली ती आमच्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याची. पण इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांना शरीरशास्त्र हा विषय सक्तीचा आहे.

आम्ही राहतो कोलंबसला. ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानातलं छोटं. इथे कमिन्सचं मुख्यालय असल्यामुळे पुण्याच्या लोकांची ये-जा जुनी आहे, दुकानात भाजी निवडताना शेजारून "कोथरूडला कुठे तुम्ही?" असा प्रश्न येऊ शकतो. आम्ही आलो डिझेल इंजिनांसाठी. पण सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी रविवारच्या सामन्याखेरीज कुणी दुसरं काही बोलतच नाही, तेव्हा मान हलवत गप्प उभं राहायचं तरी किती? म्हणून आमच्या पिढीच्या मराठी पुरुषांनी हा अमेरिकन फुटबॉल शिकून घेतला. पहिली काही वर्षं "पाय लावत नाहीत, मग फुटबॉल कसला?" हा विनोद करण्यात जातात. नंतर तोच विनोद दुसऱ्या कुणी केला की राग येतो. तेव्हा समजावं, आपण अडकलो.

२०२५ चा हंगाम आम्हाला अडकवायलाच सुरू झाला होता. पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय. नोव्हेंबरात बर्लिनला जाऊन अटलांटाला जादा वेळेत हरवलं. आमचा जोनाथन टेलर एकटा २४४ यार्ड धावला. कोल्ट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, शेवटचे गेले ते २०२० च्या हंगामात. त्यामुळे आठ-दोन हा आकडा बघून भल्याभल्यांचं डोकं फिरलं. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला होता. आमच्यातल्या एकाने तिथल्या मेहुण्याला "फेब्रुवारीत तुमच्याकडे येऊ म्हणतो" असा निरोप पाठवून ठेवला. मेहुण्याला वाटलं, याची नोकरी गेली.

वास्तविक लक्षणं ऑक्टोबरपासूनच दिसत होती. आधी किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) स्पेन्सर श्रेडरचा गुडघा गेला. पुढच्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, ॲरिझोनाविरुद्धचा सामना सुरू व्हायच्या आधीच दोघे कामातून गेले. राखीव क्वार्टरबॅक अँथनी रिचर्डसनच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड रबरी पट्ट्याने व्यायाम करताना मोडलं, आणि बचावातला शार्व्हेरियस वॉर्ड अंग मोकळं करताना स्वतःच्याच संघातल्या गड्यावर आपटला. अक्षता पडायच्या आत नवरदेव आणि मामा दोघेही बोहल्यावरून खाली. तरीही तो सामना आम्ही जिंकलो, त्यामुळे या प्रकाराला अपशकुन म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्क जेट्सकडून सॉस गार्डनर आणला. बचावातला एक नंबरचा माणूस. त्याच्या बदल्यात २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांच्या ड्राफ्टमधले, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातले, पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकले. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) गार्डनर आला, छान खेळला आणि तिसऱ्याच सामन्यात त्याची पोटरी दुखावली. तोवर क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स पायाचं एक हाड मोडलेलं असतानाच खेळतोय, अशीही बातमी आली होती.

इथून आमचं आठवड्याचं वेळापत्रक बदललं. रविवारी सामना असला की बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी संघाला जखमींची यादी जाहीर करावी लागते. कुणी पूर्ण सराव केला, कुणी अर्धा, कुणी नुसताच हजर. शुक्रवारी निकाल: क्वेश्चनेबल (खेळेल की नाही सांगता येत नाही), डाउटफुल (बहुधा नाहीच) किंवा आउट. त्यात गुरुवार म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार. घरात कलशावर नारळ, समोर पाच फळं, बायको पोथी वाचतेय, आणि मी शेजारी बसून फोनवर गार्डनरची पोटरी बघतोय. "देवीसमोर तरी तो फोन ठेव," असं ती म्हणाली, तेव्हा मी ठेवला. देवीसमोरच ठेवला, यादी उघडी ठेवून. सुचवायचं असेल ते सुचवावं, बाकी तिची मर्जी.

आमच्या मंडळात एक वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत. नोव्हेंबरपर्यंत त्यांना कुणी विचारत नसे. डिसेंबरात त्यांचं घर म्हणजे सर्वोच्च न्यायालय झालं. "वहिनी, पोटरी ताणली तर किती आठवडे?" "वहिनी, हाड मोडलेल्या पायावर पळता येतं का?" त्या बिचाऱ्या पहिल्या आठवड्यात नीट समजावून सांगत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या पोटऱ्या बघायला पंधरा डॉक्टर आहेत. तुम्ही तुमच्या पोटाचं बघा."

७ डिसेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये जोन्स कुणाचाही धक्का न लागता खाली बसला. आता दुसऱ्या पायाचा अकिलीस. त्याच्या जागी आलेल्या रायली लेनर्डचाही गुडघा त्याच सामन्यात दुखावला. रिचर्डसन अजून डोळा सांभाळून होता. म्हणजे क्वार्टरबॅकचा डोळा, गुडघा, पाय असे सुटे भाग आमच्याकडे भरपूर होते. अख्खा माणूस नव्हता.

आणि मंगळवारी बातमी आली, फिलिप रिव्हर्स परत येतोय.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: रिव्हर्स तेव्हा ४४ वर्षांचा. जानेवारी २०२१ मध्ये शेवटचा सामना खेळून निवृत्त झालेला. आम्हाला शेवटचं प्लेऑफमध्ये नेलं ते त्यानेच. मधली जवळजवळ पाच वर्षं तो अलाबामात एका शाळेच्या संघाला शिकवत होता. त्याला दहा मुलं आहेत. आणि तो आजोबा झालेला आहे.

ही बातमी पुण्याला आईला सांगितली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, नातवंड झालेल्या माणसाला असं अंगावर उड्या मारणाऱ्यांच्यात पाठवतात?" मी म्हटलं, तो स्वखुशीने येतोय. "दहा मुलं म्हणतोस ना? मग कसली स्वखुशी."

आमच्या मंडळावर मात्र या बातमीचा परिणाम वेगळा झाला. आम्ही सगळे चाळीस ते पन्नासमधले. गुडघ्याला पट्टा, मानेला उशी, रात्री दीड पोळी. त्या मंगळवारी संध्याकाळी एकेकाचा आवाजच बदलला. एकाने गराजमधून जुने क्रिकेटचे बूट काढले. एकाने जिमचं बंद पडलेलं सदस्यत्व चालू केलं. "वय हा नुसता आकडा आहे" हे वाक्य, जे आम्ही एरवी पन्नाशीच्या केकवर लिहितो, ते लोक एकमेकांना गंभीर चेहऱ्याने ऐकवू लागले. मीही बायकोला म्हटलं, "बघ, चव्वेचाळीसचा आहे." ती म्हणाली, "आणि तू परवा मोजा घालताना उसण भरून अर्धा तास पलंगावर वाकडा बसला होतास." तुलना करण्याची ही काही पद्धत नव्हे. मोजा घालायला माझ्याकडे तरी कुठे प्रशिक्षक आहे?

१४ डिसेंबरला सिएटलमध्ये आजोबा मैदानात उतरले. पूर्वीची ती खांद्यावरून ढकलल्यासारखी चेंडू फेकण्याची ढब तशीच. लांबचं काही नाही, जवळजवळचं, हिशेबात; पण एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार) केलाच. आजोबा खाली पडले की आमच्या दिवाणखान्यात सगळे एकदम "अगं आई" म्हणून आपापली कंबर धरत, आणि ते उठले की सगळे सावकाश बसत. बचाव तर असा की सिएटलला एकही टचडाउन करू दिला नाही. ४७ सेकंद उरले असताना आमच्या ब्लेक ग्रूपने ६० यार्डांवरून किक मारली आणि आम्ही १६-१५ असे पुढे. ६० यार्ड! मी सोफ्यावर उभा राहिलो. १८ सेकंद उरले असताना त्यांच्या जेसन मायर्सने ५६ यार्डांवरून मारली. १८-१६. खाली उतरायला मला बायकोचा हात धरावा लागला.

पुढे फेब्रुवारीत त्याच सिएटलने सुपर बोल जिंकला. त्यामुळे आता आमच्या मंडळाचं अधिकृत म्हणणं असं आहे की आपण जगज्जेत्यांशी दोन गुणांनी हरलो, तेही आजोबांना घेऊन.

पण तेव्हा शोक करायला सवड नव्हती, कारण आठ विजय आणि सहा पराभव झाले होते आणि गणित सुरू करायचं होतं. इथे मराठी माणूस जात्याच तयार असतो. अमुक संघ तमुकाकडून इतक्या फरकाने हरला आणि मधे पाऊस पडला तर आपण उपांत्य फेरीत, हे क्रिकेटचं शिक्षण लहानपणीच झालेलं. अमेरिकन मित्र निराश झाले तेव्हा आमच्यातल्या सांगलीकराने एक्सेल उघडलं. लीगचे दोन भाग, त्यातल्या आमच्या एएफसीतल्या १६ संघांपैकी सात पुढे जाणार, चार गटविजेते आणि तीन उरलेल्यांतले. दोन संघ बरोबरीत आले तर आधी आपापसातला निकाल बघायचा, मग इतर कसोट्या, मग आपण ज्यांना हरवलं त्यांनी किती सामने जिंकले ते मोजायचं. म्हणजे ज्यांना आपण चिरडलं, त्यांचं भलं व्हावं म्हणून आता देव पाण्यात ठेवायचे. आम्ही हरवलेल्यांत टेनेसी, लास व्हेगास आणि ॲरिझोना. तिघांचाही जिंकण्याशी संबंध सुटलेला. नियमांची ही यादी खाली खाली जात शेवटी नाणेफेकीवर संपते. सांगलीकराने नाणेफेकीसाठीही एक रकाना ठेवला होता आणि त्यात ५० टक्के असं लिहून ठेवलं होतं. तेवढा एकच आकडा आम्हाला धीर देत होता.

पुढच्या सोमवारी सॅन फ्रान्सिस्कोने घरच्या मैदानावर येऊन ४८-२७ असं धुतलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तरीही आम्ही बाद नव्हतो! शनिवारी, २७ डिसेंबरला, चार्जर्सनी ह्यूस्टनला हरवायचं, मग आम्ही रविवारी जॅक्सनव्हिलला हरवायचं, मग शेवटच्या रविवारी ह्यूस्टनला ह्यूस्टनमध्येच. चार्जर्स म्हणजे रिव्हर्स ज्यांच्याकडून सोळा हंगाम खेळला ते. जुनं मीठ जागेल अशी आशा. अडचण एवढीच की त्याच शनिवारी दुपारी एका मित्राकडे सत्यनारायण होता.

गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगतात. वर कथा, खाली तळघरात सामना, आणि जिन्यावर एकाआड एक पायरीवर पुरुष, निरोप्यांसारखे. ह्यूस्टन पुढे आहे हे वर सांगायचं, साधुवाण्याचं काय झालं ते खाली. दोन्हीकडची परिस्थिती सारखीच बिकट होती. संकल्पाच्या वेळी यजमानांनी "सहकुटुंब, सहपरिवार" म्हटलं, तेव्हा मागून कुणीतरी "आणि चार्जर्स" असं हळूच जोडलं. गुरुजींनी डोळे मिटलेलेच ठेवून "गुण किती झालेत?" असं विचारलं.

ह्यूस्टन जिंकलं. आरतीच्या आतच आमचा हंगाम संपला. कथेप्रमाणे अशा वेळी कारण एकच असू शकतं, म्हणून प्रसाद न घेता कोण गेलं याचा शोध सुरू झाला. एक तरुण जावईबापू गाडी हलवायला म्हणून शिऱ्याची वाटी तशीच ठेवून बाहेर गेले होते. त्यांना कलावती हे नाव पडलं ते अजून टिकून आहे. जावई तिसऱ्याच राज्यातले, पिट्सबर्गचे चाहते. त्यांना कशाचाच पत्ता नाही.

उरलेले दोन सामनेही आम्ही पाहिले आणि दोन्ही हरलो. आठ-दोनवरून आठ-नऊ. अमेरिकन मित्र म्हणाले, वाईट हंगामाचं एक बरं असतं, जितकं हराल तितका ड्राफ्टमधला नंबर वर. क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. मग गार्डनरची आठवण झाली. पहिल्या फेरीचा हक्क जेट्सकडे! म्हणजे आम्ही सात सामने ओळीने हरलो, आणि मिठाई न्यूयॉर्कला. पुढच्या वर्षीचाही हक्क त्यांच्याकडेच. सांगलीकर बराच वेळ गप्प होता. मग त्याने लॅपटॉप जवळ ओढला, नवा तक्ता उघडला आणि वर लिहिलं, "२०२८". "हा आपला आहे," तो म्हणाला, "तोवर जोन्सचा पाय बरा होतो का, वहिनींना विचार."