पेशंट येऊच नये, यासाठी काय काय करावं

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका दवाखान्यात नवा बोर्ड लागला: ‘वेळेवर न येणाऱ्या रुग्णांमुळे इतरांची गैरसोय होते. नंबर चुकल्यास फी परत मिळणार नाही.’ चांगला लॅमिनेट केलेला बोर्ड आहे. त्याच्याखाली बसलेल्यांना अकराची वेळ दिली होती आणि डॉक्टरसाहेब दीडला आले, पण तो विषय वेगळा. ज्यांच्या ओपीडीत अजूनही पेशंट वेळेवर येतात, त्यांच्यासाठी हे थोडं मार्गदर्शन.

सगळ्यांना एकच वेळ द्या.

पुढची तारीख कधीच धड लिहू नका. चिठ्ठीच्या कोपऱ्यात ३/१२ खरडा. तुमच्या हिशेबात वर्षाच्या बारापैकी तीन, म्हणजे तीन महिन्यांनी, पेशंटच्या हिशेबात ३ डिसेंबर. जुलैत दाखवून गेलेले काका बरोब्बर ३ डिसेंबरला सकाळीच हजर होतात आणि काउंटरवरून ऐकून घेतात, ‘‘काहून जी, ऑक्टोबरात यायचं होतं ना?’’ गोळ्या मात्र एकाच महिन्याच्या लिहा, म्हणजे मधले महिने मेडिकलवाला डॉक्टर.

नंबर रद्द करायला फोन ठेवा, पण तो लागू देऊ नका. एसएमएस इंग्रजीतून पाठवा, तोही अशा ठिकाणाहून की उलट उत्तर जाणारच नाही. मग धानाची रोवणी लागली म्हणून ‘येत नाही’ सांगायला दिवसभर फोन लावणारा भंडाऱ्याचा शेतकरी आणि साफ विसरलेला माणूस, रजिस्टरात दोघंही ‘गैरहजर’.

मे महिन्यात म्हाताऱ्यांना दुपारी तीनची वेळ.

नागपुरात दवाखान्यांच्या धंतोलीत असाल तर पार्किंगचं काही करायची गरज नाही, ते होऊन बसलेलं आहे.

आता हुकमी उपाय: उपाशीपोटीची साखर. गडचिरोलीहून चार तासांच्या एसटीने येणाऱ्या बाईला सांगा, उपाशी या. ती आदल्या रात्री आठला जेवते, पहाटेची गाडी धरते. केस पेपरच्या रांगेतून लॅबच्या रांगेत, रक्त निघतं साडेदहाला. साडेचौदा तास पोटात काही नाही, आणि हा नियम आठ तासांच्या उपवासाचा! मग काहीतरी खायचं आणि त्यानंतर दोन तासांनी दुसरं रक्त. म्हणजे एक वाजला. रिपोर्ट चारला. ओपीडी तोवर उठलेली. ‘‘उद्या या.’’ उद्या? कुठे राहील ती, बाप्पा? सोबत आलेल्या पोराची आजची मजुरी बुडाली, उद्याचीही बुडवायची? साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी भरल्या पोटीही होते. उपाशीपोटीचं रक्त तिच्या गावाजवळच्या केंद्रात घेऊन नुसता कागद आणता येतो. हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला कोणी सांगितलं? पुढच्या खेपेला ती येत नाही, तेव्हा फाईलवर काय लिहिता? ‘पेशंट बेफिकीर.’

बेफिकीर ती नाही. लाज वाटू द्या जरा. सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेल्या पोराची रक्तपेशींची मोजणी हुकली, तर औषधाने पांढऱ्या पेशी उतरलेल्या कळतही नाहीत. हृदयाची झडप बदललेल्या, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या माणसाची आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, राहिली, तर एक तर रक्ताची गाठ होते, नाही तर रक्तस्राव. मिरगीची गोळी अचानक सुटली की झटके परत येतात. एवढं सगळं तुमच्या एका तारखेवर टांगलेलं, आणि ती तारीख तुम्हाला वाचता येईल अशी लिहिता येत नाही?

वार, तारीख, महिना मराठीत लिहा. गोळ्या त्या तारखेपर्यंत पुरून आठवडाभर उरतील एवढ्या द्या. तारीख ठरवताना विचारा, ‘रोवणी आहे का, कापूस आहे का, सोबत कोण येणार?’ साहेब कॉन्फरन्सला जाणार असतील तर लोकांना आदल्या दिवशी कळवा, गेटवर आल्यावर नव्हे. आणि तो बोर्ड लावायचाच असेल तर साहेबांच्या केबिनच्या आतल्या बाजूला लावा.