सोलमधलं रक्त आणि ग्रेग लुगानिस: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, घाईत काहीतरी खरडायचं नव्हतं म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकन डायव्हर लुगानिसला एचआयव्ही होता हे मी माझ्या पोस्टमध्ये एका ओळीत उरकलं, ते लपवून त्याने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये डॉक्टरचा आणि बाकीच्या डायव्हर्सचा जीव धोक्यात घातला, आणि फळीवर आपटून डोकं फुटल्यावर मिळालेलं गोल्ड जजेसनी दयेपोटी दिलं.

डॉक्टरांबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांनी ग्लोव्हज न घालता टाके घातले आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मी लिहायला हवं होतं. त्यांची टेस्ट पुढे निगेटिव्ह आली, पण म्हणून लुगानिसचं गप्प राहणं बरोबर ठरत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या, की त्याला जेमतेम सहा महिन्यांपूर्वी कळलेलं, दर चार तासांनी एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाची गोळी, आणि त्या काळात हा आजार म्हणजे मरणाची चिठ्ठीच होती. तो घाबरला होता. जगाला त्याने १९९५ मध्ये सांगितलं. पाण्याबद्दल मात्र तुमचं चुकतंय, पूलच्या पाण्यातून एचआयव्ही पसरत नाही, क्लोरीन असतं आणि एवढ्या पाण्यात ते चार थेंब कुठल्या कुठे विरून जातात.

आता गोल्डचं. रिव्हर्स डाइव्हमध्ये तोंड पाण्याकडे, झेप पुढे, पण कोलांटी मागे, म्हणजे डोकं फिरून परत फळीच्याच (स्प्रिंगबोर्डच्या) दिशेने येतं. विहिरीत सूर मारलेल्यांना माहितीय, काठापासून लांब झेपावलं नाही तर काय होतं. त्या दिवशी प्राथमिक फेरीत तो सरळ वर गेला, पुढे गेलाच नाही, आणि अडीच कोलांट्या संपवून अंग उघडताना डोक्याची मागची बाजू फळीवर आपटली. टाके घालून अर्ध्या-पाऊण तासात तो परत फळीवर, आणि पुढची डाइव्हसुद्धा रिव्हर्सच! उडी मारायच्या आधी त्याने छातीवर हात आपटून दाखवला, धडधडतंय म्हणून, आणि लोक हसले. त्या फेरीतले सगळ्यात जास्त मार्क त्याच डाइव्हला पडले. दुसऱ्या दिवशी फायनलला गुण पुन्हा शून्यापासून, त्यात जिने डोकं फोडलं तीच डाइव्ह त्याने परत मारली आणि चीनच्या तान लियांगदेला २५ हून जास्त गुणांनी मागे टाकलं. दयेने एवढा फरक पडतो का, सांगा.

आणि प्लॅटफॉर्मचं, म्हणजे दहा मीटर उंच टॉवरवरच्या दुसऱ्या स्पर्धेचं, तर तुम्ही बोललाच नाहीत. शेवटच्या डाइव्हआधी तो चीनच्या १४ वर्षांच्या श्योंग नीच्या तीन गुणांनी मागे होता, आणि राहिलेली डाइव्ह म्हणजे रिव्हर्स साडेतीन कोलांट्या. १९८३ ला एडमंटनमध्ये हीच डाइव्ह मारताना सोव्हिएत डायव्हर सर्गेई शालिबाश्विलीचं डोकं प्लॅटफॉर्मवर आपटलं आणि तो गेला, तेव्हा लुगानिस त्याच टॉवरवर होता. तरी पाच वर्षांनी, डोक्याला टाके असताना, हाच माणूस दहा मीटरवरून तीच डाइव्ह मारतो आणि १.१४ गुणांनी जिंकतो. मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला १६ व्या वर्षी सिल्व्हर, मॉस्को अमेरिकेच्या बॉयकॉटमध्ये गेलं, लॉस एंजेलिसला दोन गोल्ड, सोलला परत दोन. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म अशी दोन्ही गोल्ड मिळवणारा तो पहिला पुरुष.

डॉक्टरांबद्दलचा परिच्छेद आज रात्री मूळ पोस्टमध्ये घालते, तुमच्यामुळे सुचला हेही तिथे लिहीन.