व्याकरण येतं हो, उच्चारांचं काय?

‘२००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, त्यामुळे मराठी माध्यमाची मुलं आता मागे पडत नाहीत,’ हे एका लेखातलं विधान काही पटलं नाही. मी त्यांतलाच. व्याकरण पक्कं, स्पेलिंग तोंडपाठ. पण पहिल्याच मुलाखतीत ‘व्हेजिटेबल’ हा शब्द लिहितात तसाच, ‘टेबल’सकट म्हणालो आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. पुढचं सगळं इंग्रजी घशातच अडकलं. आमच्या गुरुजींनी तरी तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला असणार? पुस्तकातच वाचलेला.

पुढे नोकरीत एक फ्रेंच साहेब आले. ‘हाऊस’चं ‘आऊस’ करायचे. तेव्हा कुणी हसलं नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत सगळे म्हणायचे, ‘काय गोड अ‍ॅक्सेंट आहे!’