सीप्झमधल्या चर्चला भुताटकी म्हणणाऱ्यांनो

आज ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी रील टाकलं. आमच्या सीप्झमधलं, म्हणजे अंधेरीतल्या कुंपण घातलेल्या निर्यात-कारखान्यांच्या वसाहतीतलं, जुनं चर्च, मागे दार करकरल्याचा आवाज, वर लाल अक्षरात 'मुंबईतली सगळ्यात हाँटेड जागा', आणि खाली आपलेच लोक हाहा करतायत. डोकंच सणकलं.

अरे, ते सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च आहे, 1579 सालचं, पोर्तुगीज काळात जेझुइटांनी बांधलेलं, कोंडिविटे गावाच्या लोकांचं. सीप्झ आलं 1973 ला. म्हणजे मधे कुणी तडमडलं असेल तर ते आपण. तिथून लोक गेले ते भुताला घाबरून नाही, 1840 च्या आसपास साथ आली, माणसं मेली, आणि उरलेले उठून शेजारच्या मरोळला गेले. बस. एवढीच 'स्टोरी' आहे.

माझ्या पहिल्या कंपनीत पॉलिशिंगला एक अंकल होते, मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिश्चन. रोज सकाळी डबा डाव्या हातात धरून त्या बाजूला बघत क्रूस करायचे आणि मगच पंच करायला जायचे, उशीर झाला तरी. मी एकदा विचारलं, अंकल, बंद चर्चला कशाला? तर म्हणाले, "बंद कुठे, अर्धं घेऊन गेलो ना आम्ही." खरंच नेलं होतं, मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं कुंड, सगळं मरोळच्या नव्या चर्चला. त्याच कुंडात त्यांचा बाप्तिस्मा झालेला. घरी मराठीच बोलायचे, माझ्यापेक्षा जास्त शिव्या यायच्या त्यांना मराठीत, आणि कुणी 'तुम्ही गोव्याचे का' विचारलं की भडकायचे, "चिमाजी अप्पा साष्टीत आले तेव्हा आम्ही इथंच होतो, बाबा!" मराठ्यांनी साष्टी, म्हणजे मुंबईचा हा उत्तरेकडचा भाग, पोर्तुगीजांकडून घेतला त्या 1737 बद्दल असं काल घडल्यासारखं बोलायचे.

आता मान्य, संध्याकाळी त्या बिनछपराच्या भिंती बघून जरा टरकायला होतं. आणि हेही मान्य की सीप्झचं कुंपण नसतं तर एव्हाना तिथे टॉवर उभा राहिला असता, नाव 'सेंट जॉन हाइट्स' वगैरे. पण स्वतःच्या गावच्या देवळात जायला पास लागतो, वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, तेवढ्यापुरतं गेट उघडणार, हे आपल्या ग्रामदैवताबाबत कुणी केलं असतं तर आपण काय केलं असतं सांगा की!

अंकल एकदा मला त्या मिस्साला घेऊन गेले होते. लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, वर उघडं आभाळ, घामाने सगळे निथळत. मिस्सा संपल्यावर अंकल भिंतीजवळ गेले आणि दगडांच्या फटीतून आलेलं पिंपळाचं रोप उपटायला लागले, मी म्हटलं राहू द्या, तर म्हणे "पावसाआधी काढायला पाहिजे, नाहीतर भिंत फोडतो हा." मुळं आत गेलेली, अर्धंच तुटून हातात आलं. रिटायर झाले ते नंतर.

रीलवाल्याला मी ग्रुपवरच लिहिलंय, डिलिट कर. अजून ब्लू टिक आलेली नाही.