पुन्हा तेच रत्नांचं दुकान!

थायलंडच्या सहलीला कुठल्याही कंपनीबरोबर जा, ‘जेम्स गॅलरी’ नावाचं रत्नांचं दुकान ठरलेलं! ठळक अक्षरांत आधी कुणी सांगत नाही, बँकॉकच्या ‘शहरदर्शना’त गुपचूप घुसवतात. वाट फोच्या देवळात पाय ठेवत नाही तोच टूर लीडर ओरडायला लागतो, ‘चला चला, उशीर होतोय!’ अहो, 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे तो! त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात 108 शुभचिन्हं आहेत, ती धड बघूही देत नाहीत. दुकानात मात्र कसलीच घाई नसते. विक्रेते माणिक-नीलम घेऊन मागेमागे फिरतात, बाहेरचा रस्ता सगळ्या काउंटरांमधून वळवलेला आणि बस कुलूपबंद! ज्यांना काही घ्यायचं नाही, त्या म्हाताऱ्या माणसांनी उन्हात ताटकळायचं? दुकानाकडून कमिशन हवंय ना, मग सहलीचे पैसे वाढवून सांगा, देतो आम्ही. पण आमची अख्खी दुपार विकू नका! अयुथया बँकॉकहून जेमतेम 80 किलोमीटरवर. 1767 पर्यंत चार शतकं सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती ती. तिथे का नेत नाही विचारलं, की उत्तर तयार: ‘वेळ बसत नाही, काका.’ मग दुकानाला बरा बसतो?