लसीमुळे पोरांच्या अंगावर फोड? त्या मेसेजमधला एकेक दावा

गेला आठवडाभर आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या तीन-चार ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: 'शाळाशाळांत मुलांना फोड, पुरळ, चामखिळी येत आहेत, कारण लसी टोचून टोचून त्यांची प्रतिकारशक्ती मेली आहे, म्हणूनच ते महिनोन्‌महिने जात नाहीत. आमच्या लहानपणी कांजिण्या सगळ्यांना यायच्या, काही बिघडलं नाही, उलट जन्माची प्रतिकारशक्ती मिळायची. लस घेतलेल्यालाही कांजिण्या होतातच, मग लस कशाला? पुरळ म्हणजे अंगातली उष्णता, ती बाहेर पडू द्या.' खाली हात जोडलेले आणि 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा'.

माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही. पण हा मेसेज वाचून लोक काउंटरवर काय काय मागतात ते बघितलं आणि लिहायला बसलो.

'लसींमुळे फोड येतात.' कुठल्या लसीमुळे? शाळेत सध्या जे दिसतंय ते एक नाही, निदान चार वेगवेगळे विषाणू आहेत. तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येतात तो कॉक्सॅकी कुळातल्या विषाणूंचा आजार. 2022 मध्ये केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून गाजला तो हाच. त्याची लस आपल्याकडे मिळत नाही. मोत्यासारखे दाणे येतात ते मोलस्कम; त्याची लस जगात कुठेच नाही. चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येते, पण एचपीव्हीची लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रकारांवर आहे, बोटांवरच्या चामखिळीचे प्रकार निराळे. राहिल्या कांजिण्या. त्यांची लस आहे, पण सरकारी मोफत यादीत नाही. खाजगीत एका डोसला दोन हजारांच्या घरात पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्या लसी बहुतेक पोरांनी घेतलेल्याच नाहीत, किंवा ज्या अस्तित्वातच नाहीत, त्यांच्यावर हा आळ.

'प्रतिकारशक्ती मेली म्हणून महिनोन्‌महिने जात नाही.' हे मोलस्कमबद्दल असावं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण पालक खरंच कंटाळलेले असतात. परवा एक ताई मुलाचा दंड पुढे करून म्हणाल्या, "दादा, सात महिने झाले, बघा आता तर लालच झालेत, पिकलेत वाटतं." बघितलं तर आठ-दहा दाणे, प्रत्येकाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी खळगी, त्यातले तीन लालबुंद. हा देवीच्याच कुळातला विषाणू, पण स्वभावाने चोर. कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो, रक्तात उतरत नाही, आणि शरीराचा गजर वाजूच नये म्हणून स्वतःची प्रथिनं सोडतो. त्यामुळे धडधाकट पोराच्या अंगावरही तो सहा महिने, वर्षभर, कधी त्याहून जास्त मुक्काम ठोकतो. मग एक दिवस शरीराला पत्ता लागतो आणि दाणा लाल होतो. ताई ज्याला पिकणं म्हणत होत्या ती बहुतेक वेळा दाणा जाण्याची सुरुवात असते. (फार दुखलं, पू झाला, ताप आला तर डॉक्टरांना दाखवावंच.)

आणि नेमक्या या वेळी लोक मागतात ती तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड असतं. ते लाली घालवतं, म्हणजे जागं झालेलं शरीर पुन्हा झोपवतं. प्रतिकारशक्ती मारायचीच असेल तर ती लसीने नाही, अशा ट्यूबने मारली जाते, तीही माझ्यासारख्यांच्या काउंटरवरून. हे लिहिताना बरं वाटत नाही.

मेसेज ज्यांनी मला पाठवला त्या काकांच्या दंडावर देवीच्या लसीचे वण अजून ठळक आहेत. देवी आणि मोलस्कम एकाच कुळातले, तरी त्या लसीने मोलस्कम कधी अडला नाही. लस एकाच चोराचा चेहरा शिकवते. ती शेजारच्याला पकडत नाही, आणि राखणदाराला आंधळंही करत नाही.

उलट एक गंमत सांगतो. हट्टी चामखिळीवर काही त्वचारोगतज्ज्ञ गोवर-गालगुंड-रुबेलाची लस थेट चामखिळीतच टोचतात. शरीर ओळखीच्या लसीवर धावून येतं, आणि तिथे आल्यावर दडून बसलेला चामखिळीचा विषाणूही त्याच्या नजरेस पडतो. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींच्या न टोचलेल्या लांबच्या चामखिळीही झडतात. प्रतिकारशक्ती मारणारी वस्तू हे काम कसं करेल?

'कांजिण्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही.' ज्यांचं बिघडलं नाही तेच मेसेज लिहायला उरले. अमेरिकेत 1995 मध्ये ही लस आली. त्याआधी तिथे वर्षाला साधारण 40 लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांवर दवाखान्यात भरती व्हायचे आणि शंभर ते दीडशे दगावायचे. टक्केवारीत किरकोळ, घरात घडलं तर नाही. आणि 'जन्माची प्रतिकारशक्ती' मिळते तशी विषाणूही जन्माचा मिळतो. फोड वाळले तरी तो मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि काहींना पन्नाशी-साठीत नागीण होऊन कमरेवर उठतो. नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो, ही भीती खोटी. पण तिच्या ठणक्याने रात्र रात्र जागणारी माणसं माझ्याकडे गोळ्या न्यायला येतात.

'लस घेऊनही होतातच.' होतात, खरं आहे. एका डोसने शंभरातले ऐंशीच्या आसपास वाचतात, दोन डोसांनी नव्वदच्या वर. ज्यांना तरी होतात त्यांना बहुधा पन्नासच्या आत फोड आणि नावाला ताप. लस नसलेल्या पोराला अडीचशे ते पाचशे. हेल्मेट घातलेल्यालाही मार लागतो, म्हणून द्वारका चौकात कुणी हेल्मेट फेकून देत नाही.

गोवराचं नाव मेसेजात नाही, पण 'येऊ द्या' म्हणणाऱ्यांनी तोही धरलेला असतो. 2022 मध्ये गोवराची साथ मुंबईत होती तशी आपल्या जिल्ह्यात मालेगावलाही होती. हा विषाणू जुन्या रोगांची शरीराने जपलेली आठवणच पुसतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांच्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) साठ्यातला 11 ते 73 टक्के भाग गेलेला होता. प्रतिकारशक्ती मेल्याची काळजी असेल तर ती इथे करावी.

'पुरळ म्हणजे उष्णता.' गोवराचं पुरळ उठतं ते शरीराच्या पेशी कातडीतल्या विषाणूवर तुटून पडतात म्हणून. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती खरोखरच खचलेली असते, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार चालू असलेली, त्यांच्यात कधी कधी पुरळ उठतच नाही, आणि धोका त्यांनाच जास्त असतो.

एक कबूल करतो. लसीनेही पुरळ येतं. गोवराची लस दिल्यावर आठ-दहा दिवसांनी काही बाळांना थोडा ताप, थोडे लाल ठिपके येतात. कांजिण्यांच्या लसीने चार-दोन फोड. ते आपोआप जातात. आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या मुलांना या जिवंत (म्हणजे दुबळा केलेला विषाणू असलेल्या) लसी देत नाहीत, ते डॉक्टर ठरवतात.

कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी हरकत नाही. पण 'बाया आल्यात' म्हणून आठ-आठ दिवस पोराला आंघोळ नाही, हे नको. कोमट पाणी, कापलेली नखं, कॅलामाइन. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबाने. कांजिण्यांत ॲस्पिरिन अजिबात नाही, आयबुप्रोफेनही टाळायचं. खपल्या धरेपर्यंत शाळा बंद.

त्या ताईंना मी ट्यूब दिली नाही. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवा, दाणे फोडू नका, एवढं सांगितलं. थोड्या नाराज होऊनच गेल्या. पुढच्या मेडिकलमध्ये मिळाली असेल.